माझे पीठ दुखते

सरकारी कचेरीत शब्दांचे अर्थ कसे पक्के असतात. ‘विचाराधीन’ म्हणजे कपाटात, ‘यथावकाश’ म्हणजे आपली बदली झाल्यावर आणि ‘त्वरित’ म्हणजे पुढच्या आठवड्यात, हे नव्याने रुजू झालेल्या कारकुनालाही महिन्याभरात उमगते. मग पुढची तीस वर्षे त्याला शब्दांकडून कसलाही उपद्रव होत नाही. अशा पक्क्या अर्थांच्या सहवासात दहा वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या वरिष्ठ लिपिकाला दर रविवारी सकाळी दीड तास चार ते आठ वर्षांच्या चौदा मुलांमध्ये नेऊन बसविले, तर त्याची काय अवस्था होत असेल याची वाचकांनीच कल्पना करावी. तेथे एकही शब्द नेमून दिलेल्या टेबलावर बसत नाही. तो उठतो, शेजारच्या भाषेत जाऊन चहा पिऊन येतो, आणि परततो तेव्हा त्याचा अर्थ बदललेला असतो.

हा वर्ग म्हणजे दिल्लीच्या एका सरकारी वसाहतीतल्या मराठी कुटुंबांनी मुलांसाठी चालविलेला रविवारचा मराठी वर्ग. जवळच्या एका शाळेने आठवड्यातून एक दिवस एक खोली वापरावयास दिली आहे. शिकविण्याचे काम एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. मुलाच्या बदलीबरोबर त्याही पुण्याहून दिल्लीस बदलून आल्या. त्यांना हजेरीपत्रक ठेवण्यास कोणी तरी हवे होते, आणि हजेरीपत्रक म्हटल्यावर वसाहतीतल्या सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. नाके पुसणे, बुटांच्या नाड्या बांधणे, पाण्याच्या बाटल्यांची झाकणे ज्याची त्यास परत करणे ही कामे पुढे ‘अनुषंगिक कर्तव्ये’ म्हणून आपोआप माझ्याकडे आली.

आपल्यापैकी अनेकांची मुले केंद्रीय विद्यालयांत शिकतात. १९६३ साली लष्कराच्या २० रेजिमेंटल शाळा हाती घेऊन ही योजना सुरू झाली, ती मुळी बदलीच्या नोकरीतल्या माणसांसाठीच. बाप जोधपूरहून जोरहाटला गेला तरी मुलाचे पुस्तक तेच राहावे, हा तिचा हेतू. ही सोय किती मोठी आहे ते बदलीचा हुकूम हाती पडलेल्या माणसासच ठाऊक. मात्र देशभर सारख्या असलेल्या त्या पुस्तकांत मराठी कोठून यावी? मूल शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकते, मैदानात हिंदीत भांडते, घरी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. सुटीत गावी गेले की आजी बोलते, नातवंड नुसते हसते आणि त्याची आई मध्ये बसून दुभाष्याचे काम करते. हे दृश्य ज्यांनी आपल्या घरी पाहिले आहे, त्यांना रविवारच्या वर्गाचे प्रयोजन निराळे सांगावयास नको.

पहिली धांदल उडाली ती संबोधनांची. शिक्षिकेला ‘बाई’ म्हणावे, ही आपली जुनी, आदराची रीत. पण दिल्लीत वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या लेखी ‘बाई’ म्हणजे भांडी घासावयास येणारी. पहिल्याच रविवारी पाच वर्षांच्या एका कन्येने मोठ्या आपुलकीने विचारले, “बाई, तुम्ही किती घरं करता?” पालकांपैकी दोघी-तिघी दारातच उभ्या होत्या, त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. बाईंनी चष्म्यावरून एकवार पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, “सध्या चौदा.” चाळीस वर्षे मुलांत काढलेल्या माणसाची जात काय असते, ते मला त्या उत्तराने कळले.

माझी वाट ‘काका’ या शब्दाने अडविली. शेजारच्या पंजाबी कुटुंबातला एक मुलगा आपल्या मित्राबरोबर हौसेने वर्गाला येऊन बसू लागला होता. सगळी मुले मला ‘काका, काका’ म्हणताना ऐकून तो बाकावरून खाली पडेपर्यंत हसला. पंजाबीत ‘काका’ म्हणजे लहान बाळ. त्याच्या घरी पाळण्यात एक काका होता, आणि येथे मिशा असलेला दुसरा काका हजेरी घेत होता! त्या दिवसापासून तो माझ्याशी फार मायेने वागू लागला. डब्यातला पहिला घास तो मला देतो. लहानांना आधी द्यावे, असे त्याला घरी शिकविलेले आहे.

एकदा वर्ग सुटण्याच्या सुमारास खिडकीपाशी उभा असलेला एक चिमुरडा मोठ्याने ओरडू लागला, “आई आई! आई आई!” बाई तिर्थरूपांसारख्या धीराच्या, पण त्याही हातातला खडू टाकून आयोडीनची बाटली घेऊन धावल्या. मी त्याची बोटे तपासली, गुडघे तपासले, कोठे काटा रुतला आहे का ते पाहिले. कोठेच काही नव्हते. तो फाटकाकडे बोट दाखवून पुन्हा तेच ओरडला, तेव्हा उलगडा झाला. पहिली ‘आई’ मराठी होती आणि दुसरी हिंदी. त्याची आई आली होती.

माझ्या स्वतःच्या चिरंजीवांनी व्याकरणात घातलेली भर याहून मोलाची आहे. हिंदीतल्या ‘कल’ला मागे-पुढे दोन्ही दिशांनी जाता येते, तेव्हा मराठीतल्या ‘काल’लाही ती मुभा असावी, असे त्याचे मत. एके शनिवारी त्याने मला सुनावले, “बाबा, मी काल वर्गाला येणार नाही.” जे घडून गेले आहे त्यासाठी आगाऊ रजा कशी मंजूर करावी, हा प्रश्न कोणत्याही नियमपुस्तिकेत सुटणारा नव्हता. आमच्या कचेरीत झालेल्या खर्चाला मागाहून कार्योत्तर मंजुरी देतात. येथे अर्ज आधी आला होता आणि कालावधी मागचा होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला खांद्यावर घालून वर्गात नेले. वाटेत तो पुन्हा पुन्हा बजावीत होता, “मी काल सांगितलं होतं ना, काल येणार नाही म्हणून!” आणि या खेपेस त्यातला पहिला ‘काल’ अगदी बरोबर होता.

सांगलीकडून नुकताच आलेला सात वर्षांचा एक मुलगा मात्र उलट्या बाजूचा. त्याची मराठी खणखणीत, हिंदीशी ओळख नाही. आमच्या खोलीच्या भिंतीवर शाळेने एक हिंदी फलक लावलेला आहे: ‘शिक्षा हर बच्चे का अधिकार है’. त्याने अक्षर अक्षर जुळवून तो वाचला, थोडा वेळ विचार केला आणि हात वर करून म्हणाला, “काका, माझा अधिकार दुसऱ्याला दिला तर चालेल का?”

हसू आवरल्यावर मला त्या कायद्याची मोठी गंमत वाटली. २००९ साली संसदेने संमत केलेला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला हा कायदा. आपण त्याला शिक्षण हक्क कायदा म्हणतो. हिंदीत तो ‘शिक्षा का अधिकार’. त्याचेच सतरावे कलम सांगते की, मुलाला शारीरिक शिक्षा करू नये आणि त्याचा मानसिक छळही करू नये. म्हणजे हिंदीत शिक्षेचा अधिकार देणारा कायदा मराठीतल्या शिक्षेला मनाई करतो! मूळ संस्कृत धातू एकच, शिकण्याचा. हिंदीने त्यातली शाळा घेतली, आपण त्यातली छडी घेतली. आपल्या पूर्वजांनी शाळेत काय काय अनुभवले असेल, याचा पुरावा म्हणून हा एक शब्द पुरे आहे.

‘ळ’ या अक्षराची कथा वेगळीच. ते आमच्या बहुतेक मुलांच्या जिभेवर काही केल्या चढत नाही. दिल्लीच्या हिंदीत ते नाही, म्हणून ‘बाळ रडते’ याचे ‘बाल रडते’ होते आणि केस रडू लागतात. बाईंनी जीभ टाळ्याकडे कशी वळवावी हे फळ्यावर चित्र काढून दाखविले; त्या चित्राला मुले घसरगुंडी समजली. शेवटी दाराशी बसून हे सारे पाहणारा शाळेच्या चौकीदाराचा मुलगा पुढे आला आणि त्याने ‘बाळ’, ‘फळ’, ‘काळा’ असे एकामागून एक शब्द घडाघडा म्हणून दाखविले. ते कुटुंब रोहतककडचे. हरियाणवीत ‘ळ’ चांगला नांदता आहे. मुलाला ते ‘बाळक’च म्हणतात. तेव्हापासून आमच्या वर्गात ‘ळ’ शिकविण्याचे काम त्याच्याकडे आहे. हजेरीपत्रकात त्याचे नाव विद्यार्थ्यांत लिहावे की शिक्षकांत, हा मुद्दा अद्याप विचाराधीन आहे.

पुरुषाने इतक्या लहान मुलांत काय म्हणून लुडबुडावे, असे मला कचेरीतल्या एका सहकाऱ्याने विचारले होते. मी त्याला गिजुभाई बधेका यांचे उदाहरण दिले. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले, आणि गुजरातने त्यांना ‘मुछाळी मा’, म्हणजे मिशांची आई, हे नाव दिले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला हौशी शिक्षक पहिल्या दिवशी मुलांना शांततेचा खेळ खेळावयास सांगतो आणि त्या खेळाचा पुरता बोजवारा उडतो. ते वाचून आम्हीही एकदा तो खेळ मांडला. डोळे मिटून गप्प बसावयाचे आणि काय काय ऐकू आले ते मागून सांगावयाचे. खेळ उत्तम झाला. एकीने पंख्याचा आवाज सांगितला, दुसऱ्याने कबुतराचा. तिसऱ्याने सांगितले, “काकांचं पोट बोललं.” काय बोलले, अशी बाईंनी चौकशी केली. “पोहे म्हणालं,” असे उत्तर मिळाले. ते ऐकण्यातही काही चूक नव्हती.

आता जे सांगावयाचे आहे ते थोडे निराळे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या आठवड्यात वसाहतीत पेढे वाटले गेले. रविवारी बाईंनी मुलांना सांगितले, “आपली मराठी आता अभिजात झाली.” वर्गात क्षणभर शांतता पसरली. सहा वर्षांची एक मुलगी, जिच्याविषयी पुढे लिहावयाचे आहे, काळजीच्या सुरात म्हणाली, “मराठी अभी जाते? कुठे?” आम्ही दोघेही हसलो नाही. हसण्यासारखे ते होते. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते.

पुढच्या फेब्रुवारीत, २१ ते २३ तारखांस, तालकटोरा स्टेडियमवर ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ साली दिल्लीत संमेलन झाले होते. त्यानंतर ७१ वर्षांनी हा योग आला. उत्साह ओसंडून जात होता. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचा आमच्या वर्गाचा समारंभ त्यानंतरच्या रविवारी ठेवला होता. एका भाषाप्रेमी पाहुण्यांना अगत्याने बोलाविले होते. मुलांनी एकेक अवयव दाखवून एकेक वाक्य म्हणावयाचे होते. हे माझे नाक, मी वास घेतो. हे माझे कान, मी ऐकतो. त्या मुलीकडे पाठ आली होती. ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिल्यावर तिला घरचा, म्हणजे हिंदीतला, शब्द आठवला. पाठीवर हात ठेवून ती स्पष्ट आवाजात म्हणाली, “हे माझे पीठ. माझे पीठ दुखते.”

पाहुणे खो खो हसले. तेवढ्यावर भागते तरी ठीक होते. त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला, ते वाक्य तिच्याच स्वरात पुन्हा म्हणून दाखविले आणि विचारले, “गव्हाचं की ज्वारीचं?” सारे सभागृह हसले. मुलीचे आईवडीलही हसले. माणसे अशा वेळी दुसरे काय करणार? हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. मुलगी करीत होती ती हिंदीतली चेष्टा, आणि पाहुण्यांनी केली ती मराठीतली.

त्यानंतरचे तीन रविवार ती वर्गाला आली, पण मराठीत एक अक्षर बोलली नाही. विचारले की मान हलवी. तिच्या वडिलांनी सांगितले की, घरीही तिने मराठी सोडली आहे. सातारा जिल्ह्यातल्या गावाहून आजीचा फोन आला की उठून दुसऱ्या खोलीत जाते. आजीला हिंदी येत नाही. दर रविवारी रात्री आठाला येणारा तो फोन आता दोन मिनिटांत संपू लागला होता. मराठी अभी जाते म्हणजे कशी जाते, ते आमच्या डोळ्यांसमोर दिसत होते.

वास्तविक त्या मुलीचे चुकले तरी काय होते? हिंदीतले ‘पीठ’ आणि आपली ‘पाठ’ ही दोन्ही संस्कृत ‘पृष्ठ’ची लेकरे. आपले दळणाचे ‘पीठ’ आले ते ‘पिष्ट’ या निराळ्याच घरातून. मुलगी चुलत घरी गेली होती, इतकेच. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला आणि १९७५ साली केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. माझ्या मनात येई की, शब्दांच्या बाबतीतही मुलाच्या अंगणापर्यंत आपणच चालत जावयास हवे. दारात उभे राहून हसल्याने ते आत येत नाही.

गुढीपाडवा त्या साली ३० मार्चला, रविवारीच, आला. बाई म्हणाल्या, “आज वर्ग आपण घ्यायचा नाही. आज आज्या घेतील.” प्रत्येक मुलाने चित्रफोनवरून आपल्या आजीशी किंवा आजोबांशी वर्गासमोर बोलावयाचे, असे ठरले. कोणाची आजी वर्ध्याला होती, कोणाची कुडाळला. एक आजोबा तर केवळ कपाळच दिसेल अशा बेताने फोन धरून शेवटपर्यंत बोलले. त्या मुलीची पाळी आली. आईने फोन लावून तिच्या हाती दिला. पलीकडे आजी ओट्यावर टेकलेली, डोक्यावर पदर, हाताला पीठ. आजीने पुरणपोळ्या किती झाल्या ते सांगितले, आंबा मोहरल्याचे सांगितले. मुलगी गप्प. आजीने कमरेवर हात ठेवून मागे रेलत म्हटले, “आग्गं आई गं.”

मुलीने एकदम विचारले, “आजी, तुझं पीठ दुखतं?”

वर्गात दोन-तीन ओठ हलले. बाईंनी एका नजरेने ते जागीच थांबविले. फोनमधली आजी मात्र जराही अडखळली नाही. “पीठ कशाला दुखंल, बाय माझे? पीठ मळणारीची पाठ दुखतीया.”

मुलगी थोडी थांबली. दोन्ही शब्द तिने मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिले असावेत. मग म्हणाली, “मी पाठ दाबून देऊ?”

“दे की. मे म्हैन्यात ये आन् दे.”

त्या आजी कोणत्याही अध्यापन विद्यालयात गेलेल्या नाहीत. मुलीचा शब्द चुकीचा, असे त्या म्हणाल्या नाहीत; तिचा शब्द त्यांनी वापरून दाखविला आणि त्याच्या शेजारी आपला मांडला. बाईंनी त्या दिवशी मला सांगितले की, चाळीस वर्षांत ज्या वाक्याच्या शोधात त्या होत्या ते हेच. मी हजेरीपत्रकात शेऱ्याच्या रकान्यात ते उतरून ठेवले आहे.

बदलीच्या नोकरीतल्या वर्गाचे जे व्हावयाचे तेच आमच्याही वर्गाचे होते. चौदांपैकी तिघे त्याच वर्षी जूनपर्यंत आपापल्या वडिलांबरोबर दूर गेले. त्यांच्या जागी दोन नवे आले. त्यातला एक ‘भाजी’ म्हटले की शीख शेजाऱ्यांकडे पाहतो, कारण त्यांना सगळे ‘भाजी’च म्हणतात. आपल्यापैकी कोणाच्या गावी असा वर्ग चालत असेल, तर तेथेही या गमती घडत असतीलच. त्या जरूर सांगाव्यात, घरी हसावेही. पण मूल समोर असताना त्या आजींप्रमाणे आधी शब्द हाती घ्यावा, इतकीच माझी विनंती.

ती मुलगी त्या मे महिन्यात गावी जाऊन आली. जुलैत तिचे वडील वसाहतीच्या फाटकाशी भेटले, तेव्हा सांगत होते की, आता गावच्या घरी कोणाचीही पाठ दुखली तरी तिला कोणी पाठ म्हणत नाही. आजोबा भांगलण करून येतात, ओसरीवर बसतात आणि म्हणतात, “लई पीठ दुखतंय बघा आज.” आणि रविवारचा आठाचा फोन आता पाऊण तास चालतो.